पिंगमधून एसएसएच: हॅन्स सात महिने वापरलं

दादरला आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये लोकल केबलवाल्याचं नेट आहे आणि पावसाळ्यात त्याचं एक ठरलेलं दुखणं, साइट उघडत नाहीत, एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन) लागत नाही, वायरगार्ड हे व्हीपीएन लटकतं, पण पिंग, म्हणजे "आहेस का?" विचारणारं छोटं पॅकेट, मात्र 8 मिलीसेकंदात परत येतो. फोन केला की "राउटर बंद करून चालू करा". माझी सपोर्टची नाइट शिफ्ट, म्हणून जूनमध्ये वैतागून हॅन्स टाकलं, पिंगच्या आडून नेट चालवणारं टूल.

आयडिया साधी आहे. पिंगच्या पॅकेटमध्ये डेटाला जागा असते, लिनक्सचा पिंग तिथे 56 बाइट भरतो, आणि आलेला डेटा तसाच परत करायचा हे 1981 च्या आरएफसी 792 या इंटरनेटच्या नियमपत्रातच आहे. हॅन्स त्याच जागेत आपलं ट्रॅफिक भरतं. समोर स्वतःचा व्हीपीएस (भाड्याचा सर्व्हर) पाहिजे आणि दोन्हीकडे रूट, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार.

पहिल्याच दिवशी घोळ झाला. सर्व्हरचा कर्नल (लिनक्सचा गाभा) पण पिंगला उत्तर देतो, म्हणून ते बंद केलं, तर सर्व्हरवर पिंगने लक्ष ठेवणाऱ्या मॉनिटरिंगला वाटलं सर्व्हरच गेला आणि रात्रभर मोबाइलवर अलर्ट. डॅश आर ऑप्शन दिला की हॅन्स साध्या पिंगलाही उत्तर देतं, हे सकाळी कळलं. घरचा राउटर अधूनमधून उत्तरं गिळायचा, दर पिंगचा क्रमांक बदलणारा डॅश क्यू लावल्यावर थांबलं.

स्पीडची आशा ठेवू नका. सर्व्हर स्वतःहून काही पाठवू शकत नाही, आपला पिंग आला तरच त्याचं उत्तर म्हणून डेटा येतो, त्यामुळे आपल्याकडचं हॅन्स आधीच 10 रिकामे पिंग देऊन ठेवतं, ते संपले की थांबा. व्हिडिओ विसरा. पण जुलैत एका रात्री धो धो पाऊस, कस्टमरच्या सर्व्हरची डिस्क फुल, आणि मी टाइप केलेलं अक्षर अर्ध्या सेकंदाने स्क्रीनवर उमटतंय, तरी जुने लॉग उडवून डेटाबेस वर आणला. त्या एका रात्रीसाठी मी या टूलचा खरंच ऋणी आहे.

एन्क्रिप्शन नाहीये, पासवर्ड फक्त कनेक्ट होण्यापुरता, तेव्हा आत एसएसएचच चालवा. आणि ऑफिसच्या नेटवर न विचारता अजिबात नको, एकाच आयपीला सतत मोठमोठे पिंग जाताना सिक्युरिटीवाल्यांना लगेच दिसतात, मला घरून वापरायचं होतं तरी मॅनेजरना आधी विचारलं होतं.

ऑटोस्टार्ट बंद ठेवलंय. नेट अडकलं की हाताने चालू करतो.