रेकी, टेहळणी, पाहणी की हेरगिरी? लिहिताना कोणता शब्द निवडाल

"बंद घराची रेकी करून चोरट्यांनी दागिने लंपास केले." सोलापुरात होटगी रोड असो की जुळे सोलापूर, घरफोडीची बातमी आली की 'रेकी' येतेच. त्याच पानाच्या तळाशी छोट्या जाहिरातींत असतं, 'रेकी शिका, तणावमुक्त व्हा'. या दोघींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. जाहिरातीतली रेकी जपानी, मिकाओ उसुई यांनी १९२२च्या सुमारास सुरू केलेली उपचारपद्धती. बातमीतली मूळची फ्रेंच, इंग्रजांच्या फौजेतून आपल्याकडे आलेली. देवनागरीत दोघींची अक्षरं मात्र तंतोतंत एकच.

बातमी, मंडळाचं प्रसिद्धिपत्रक, भटकंतीच्या ग्रुपवरचा निरोप, शॉर्टफिल्मचं वेळापत्रक, चौकीत द्यायचा अर्ज, काहीही लिहायला बसलात की पेच येतो. रेकी लिहू, टेहळणी लिहू, साधं पाहणी म्हणू, की थेट हेरगिरी? शब्दकोशात चौघी शेजारी शेजारी राहतात. वापरात मात्र प्रत्येकीची गल्ली वेगळी, आणि चुकीच्या गल्लीत शिरलात तर एखाद्याची अब्रू जाऊ शकते.

आधी रेकी, कारण सगळ्यात जास्त घोळ तिचाच आहे. फ्रेंचमध्ये 'रकॉनेसाँस' म्हणजे ओळखणं, ओळख पटणं. उपकाराची जाणीव ठेवण्यालाही तिकडे हाच शब्द. त्याचं मूळ लॅटिन, अर्थ पुन्हा नीट जाणून घेणं. फौजेच्या पुढे चार घोडेस्वार सोडायचे, नदीला उतार कुठे आहे, दाणावैरण कुठे मिळेल, शत्रूचा तळ कुठे पडलाय हे बघून त्यांनी माघारी यायचं, या कामाला फ्रेंच लष्करात हा शब्द होता. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इंग्रजीने तो जसाच्या तसा उचलला. पण एवढं लांबलचक नाव शिपायांच्या तोंडात बसेना. ब्रिटिशांनी त्याची 'रेकी' केली, अमेरिकनांनी 'रीकॉन'. १९४१ साली तर ब्रिटिशांनी याच कामासाठी 'रिकॉनिसन्स कोअर' नावाचं वेगळं दल उभं केलं. भारतीय सैन्यात रेकी हा आजही रोजचा शब्द आहे. तिथे त्याला कसलाही काळा रंग नाही. उलट, रेकी न करता तुकडी पुढे नेणारा अधिकारी बेजबाबदार ठरतो.

रेकीचं वैशिष्ट्य माघारी येण्यात आहे. गेला, बघितलं, परत आला, सांगितलं, तेव्हा रेकी पूर्ण झाली. माणूस तिथेच थांबून राहिला तर ती रेकी नव्हे. हे पक्कं लक्षात ठेवा, पुढे टेहळणीशी तुलना करताना लागेल.

मराठी घरांत हा शब्द शिरला तो, माझ्या मते, २६ नोव्हेंबर २००८च्या मुंबई हल्ल्यानंतर. लष्कर-ए-तोयबासाठी काम करणाऱ्या डेव्हिड हेडलीने हल्ल्याआधी मुंबईत येऊन ठिकाणं बघून ठेवली होती. २००९ साली अमेरिकेत त्याला अटक झाली, २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २०१६ मध्ये मुंबईच्या न्यायालयापुढे त्याची साक्ष व्हिडिओवरून झाली. या सगळ्या काळात 'हेडलीने रेकी केली' हे वाक्य टीव्हीवर इतक्या वेळा ऐकू आलं की शब्दाला कायमचा वास लागला. अतिरेक्यांवरून तो दरोडेखोरांवर आला, तिथून घरफोड्यांवर, आणि आता मोटारसायकल पळवणाराही म्हणे आधी रेकी करतो. शब्द जसा खाली उतरला तसा स्वस्त झाला.

गंमत म्हणजे दुसऱ्या बाजूला तोच शब्द अगदी निष्पाप राहिलाय. शॉर्टफिल्म करणारी पोरं 'लोकेशनची रेकी' करतात. भटकंतीवाले आधी दोघंतिघं जाऊन वाट बघून येतात, त्याला 'रेकी ट्रेक' म्हणतात. त्यांच्या ग्रुपवर बिनधास्त रेकी लिहा, कुणाचा गैरसमज होणार नाही. पण हीच पोरं शूटिंगची परवानगी मागायला अर्ज घेऊन जातील तेव्हा त्यात 'आम्ही किल्ल्याची रेकी केली आहे' असं लिहू नये. समोरच्या टेबलावर हा शब्द रोज वेगळ्याच कागदांतून येत असतो. तिथे 'चित्रीकरणाच्या जागेची पाहणी केली' एवढं पुरतं.

आता टेहळणी. हा आपला जुना शब्द. हिंदीत टहलना म्हणजे फेरफटका मारणं. मराठीत टेहळणं म्हणजे चहूकडे लक्ष ठेवून बघणं. टेहळणी बुरूज म्हटलं की चित्र लगेच उभं राहतं. माणूस उंचावर आहे, जागा ठरलेली आहे, आणि नजर लांबवर. रेकीत पाय चालतात, टेहळणीत डोळा. म्हणून इंग्रजीत ज्याला 'सर्व्हेलन्स' म्हणतात, म्हणजे सतत ठेवलेली नजर, त्याच्या जवळ टेहळणी जाते. आणि एकदा जाऊन बघून येण्याच्या जवळ रेकी. विमान, ड्रोन, कॅमेरा, मनोरा, समुद्रावरची गस्ती नौका या सगळ्यांना टेहळणीच शोभते. विमानांचं युद्धातलं पहिलं कामही हेच होतं; १९११ साली लिबियात इटलीच्या वैमानिकांनी तुर्की फौजेवरून उड्डाण केलं ते आधी बघण्यासाठी, बॉम्ब नंतर आले. हिंदी मजकुरावरून घाईघाईने मराठी करताना 'टोही विमान' तसंच राहून जातं, ते तेवढं टाळा. आपल्याकडे टेहळणी विमान हा चांगला रुळलेला शब्द आहे.

टेहळणीचा आणखी एक फायदा असा की ती कोणाच्या बाजूची ते आधीच सांगत नाही. राखणदारही टेहळणी करतो आणि शत्रूही. रेकी बातमीत आली की वाचक करणाऱ्याला गुन्हेगार मानूनच पुढे वाचतो.

हे करूनच बघा. प्रसंग साधा घेऊ. दोन तरुण संध्याकाळी भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशेजारी तासभर उभे आहेत, मोबाइलवर तटबंदीचे फोटो काढतायत, मग सिद्धेश्वर तलावाच्या बाजूने चालत निघून जातात. 'दोघांनी किल्ल्याची पाहणी केली' असं लिहिलं तर ते पुरातत्त्व खात्याचे किंवा महापालिकेचे वाटतात. 'टेहळणी केली' म्हटलं की कुणाची तरी वाट बघत होते असं वाटतं. 'रेकी केली' लिहिलं की उद्या तिथे काहीतरी घडणार. 'हेरगिरी केली' लिहिलं तर प्रकरण परराष्ट्र खात्यापर्यंत गेलं. प्रत्यक्षात ते अभियांत्रिकीचे विद्यार्थी असतील आणि प्रोजेक्टसाठी फोटो काढत असतील. वॉचमनने हटकलंही असेल, "काय करालालाय बे इथं?" तेव्हा जोपर्यंत हेतू माहीत नाही तोपर्यंत 'उभे होते', 'फिरत होते', 'फोटो काढत होते' ही साधी क्रियापदं वापरा. रेकी या शब्दात हेतू गृहीत आहे. पोलिसांनी तपासात तसं म्हटलं असेल तर 'रेकी केल्याचे पोलिसांनी सांगितले' असं त्यांच्या नावावर टाका, स्वतःच्या नाही.

हेरगिरी त्याहून जड. शासकीय गोपनीयता कायदा १९२३ सालचा आहे, आणि हेरगिरी हा त्याखालचा गुन्हा. शेजाऱ्याने खिडकीतून डोकावलं तर ती हेरगिरी नव्हे, ती भोचकपणा. प्रतिस्पर्धी दुकानात जाऊन टॉवेल-चादरीचे भाव विचारून येणं हीसुद्धा हेरगिरी नव्हे, तो धंदा आहे. पण याच घरातलं 'हेरणं' हे क्रियापद बघा, किती मोकळं आहे! शिक्षकाने पोराचा गुण हेरला, आत्याने भाच्यासाठी मुलगी हेरून ठेवली, भामट्याने बकरा हेरला. हेर लष्करी राहिला, हेरगिरी कोर्टात गेली, हेरणं मात्र घरात राहिलं. त्यामुळे चोरट्यांबद्दल लिहितानाही 'बंद घरे हेरून चोरी' हे 'रेकी करून'पेक्षा मला सरस वाटतं. मराठी आहे, आटोपशीर आहे, आणि बंद घर दिसलं म्हणून शिरलेल्या भुरट्याला उगाच कमांडोचा मान देत नाही.

इतिहासावर लिहिणाऱ्यांना वेगळं सांगायला हवं. मोहोळ तालुक्यातलं आष्टी घ्या. फेब्रुवारी १८१८ मध्ये तिथे दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेला इंग्रजांच्या जनरल स्मिथच्या घोडदळाने अचानक गाठलं. बापू गोखले तिथेच पडले, आणि पेशव्यांबरोबर असलेले साताऱ्याचे प्रतापसिंह महाराज इंग्रजांकडे गेले. या लढाईवर लिहिताना 'पेशव्यांची रेकी कमी पडली' असं वाक्य आलं तर कानाला खटकतं. त्या काळच्या फौजेला स्वतःचे शब्द होते. जासूद होता, अरबीतून आलेला हा शब्द हेरालाही चाले आणि निरोप्यालाही. नजरबाज होता, म्हणजे नजर ठेवणारा हेर. हरकारा होता, म्हणजे निरोप पोचवणारा. फौजेच्या आघाडीला 'बिनी' म्हणत. पेशवाईतले सरदार विसाजी कृष्ण बिनीवाले यांचं नाव त्यावरूनच, आणि 'बिनीचा शिलेदार' आपण आजही म्हणतो, बहुतेकदा निवडणुकीच्या बातम्यांत.

आणि सगळ्यात खाशी गंमत 'बातमी'ची. मराठेशाहीच्या कागदांत 'बातमी राखणे' म्हणजे शत्रूच्या हालचालींची खबर ठेवणं. बातमीदार म्हणजे ती काढून आणणारा माणूस. तो पुढे जायचा, बघायचा, माघारी येऊन सांगायचा. म्हणजे वर रेकीची जी व्याख्या केली ती हुबेहूब त्याचं काम. वर्तमानपत्रं आली तेव्हा हाच शब्द पत्रकाराला मिळाला, आणि पोलिसांकडे मात्र जुना अर्थ तसाच राहिला. 'गुप्त बातमीदारामार्फत माहिती मिळाल्यावरून सापळा रचला' हे वाक्य कुठल्याही पोलीस ठाण्याच्या प्रेसनोटमध्ये सापडेल. नवशिका पत्रकार पहिल्यांदा वाचतो तेव्हा दचकतो, आपल्यातलाच कोणी पोलिसांना खबर देतोय की काय! अशा प्रेसनोटवरून बातमी करताना तिथे 'खबऱ्या' लिहावं. शब्द थोडा उघडा आहे, पण वाचकाचा घोटाळा होत नाही.

सोलापूर म्हटल्यावर आणखी एक जोडी सांगायला हवी. कन्नडमध्ये हेराला 'बेहुगार' म्हणतात, तेलुगूत हेरगिरीच्या खबरीला आणि हेराला 'वेगु'. बेहु आणि वेगु हे एकाच द्राविडी घरातले भाऊ. कन्नडमध्ये शब्दारंभी जिथे 'ब' येतो तिथे तेलुगूत अनेकदा 'व' असतो. पूर्वभागातल्या तेलुगू घरांत किंवा अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत आजोबांना विचारून बघा. मराठी मजकुरात हे शब्द वापरा असं म्हणत नाही, पण या शहराबद्दल कथा-कादंबरी लिहीत असाल आणि पात्र त्या घरातलं असेल, तर त्याच्या तोंडी 'रेकी' घालण्याआधी दोनदा विचार करा.

पाहणीबद्दल फार बोलायची गरज नाही. ती सरकारी, उजेडातली, आणि बहुधा गाड्यांच्या ताफ्यासह. संक्रांतीच्या आधी सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वज मार्गाची पाहणी होते, आषाढीच्या आधी पालखी मार्गाची होते, उजनीच्या पाण्याने नुकसान झालं की शेताची होते. पाहणीला येणारा आधी कळवून येतो. तेवढ्यावरून ती बाकीच्यांहून वेगळी पडते.

गस्त आणि पाळत यांचा गोंधळ मात्र नेहमी होतो. गस्त फारसी, म्हणजे फेरी. ती जागेवर घालतात, आणि लोकांना दिसावी म्हणूनच घालतात. पाळत माणसावर ठेवतात, आणि ती दिसली तर फसली. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ लागला तेव्हा रस्त्यांवरून फिरत होती ती लष्कराची गस्त. तिला टेहळणी म्हटलं तर त्या दिवसांची दहशतच पुसली जाते. दडपण हाच तिचा उद्देश होता.

राहिला 'स्काउट'. त्याचं मूळ जुन्या फ्रेंचमधलं, अर्थ ऐकणं. म्हणजे हा मुळात डोळ्यांचा नव्हे, कानाचा शब्द. बेडन-पॉवेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८९९ साली शिपायांसाठी टेहळणीवर पुस्तिका लिहिली आणि १९०७ मध्ये ब्राउन्सी बेटावर मुलांचं पहिलं शिबिर घेतलं. तिथून तो शब्द फौजेतून शाळेत आला तो कायमचा. मराठीत एके काळी 'बालवीर' चालायचं, आता 'स्काउट-गाइड'च म्हणतात. लष्करी अर्थाने मराठीत स्काउट लिहिलंत तर वाचकाला गळ्यात स्कार्फ आणि हातात काठी असलेला सातवीतला मुलगा दिसेल. तिथे 'टेहळ्या' किंवा 'हेर' लिहा.

क्रियापदांत गफलत झाली तर शब्द बरोबर असूनही वाक्य लंगडतं. रेकी करतात. टेहळणी करतात, तिच्यासाठी माणूस ठेवतात. पाळत आणि नजर ठेवतात. गस्त घालतात. बातमी काढतात, खबर देतात. 'पाळत केली' किंवा 'गस्त ठेवली' असं कॉपीत आलं तर छापायला सोडू नका. शीर्षकात एका स्तंभाची जागा असेल तर 'रेकी'ची दोन अक्षरं मोहात पाडतात, हे खरं. पण 'हेरून' तीनच अक्षरांचं आहे, आणि जाहिरातीतल्या रेकीवाल्या ताईंचा फोनही येत नाही.