भोसरीतलं क्रोम प्लेटिंग: जुन्या यझदीसाठी पैसे वसूल, घाई असेल तर नको

माझ्या जुन्या यझदी रोडकिंग मोटारसायकलचं हँडल, दोन्ही रिमा, हेडलाइटची रिंग आणि गिअर व किक दोन्हीला चालणारा तो एकच दांडा, एवढं सामान पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या प्लेटिंगवाल्यांकडे दिलं होतं. शेडवर धड पाटीही नाही. नाना पेठेत जुन्या गाड्यांचे स्पेअर विकणाऱ्यांकडे चौकशी केली की पत्ता मिळतो.

काम अव्वल झालंय. रिमा पुढे केल्या तेव्हा शेडवरच्या प्लेटिंगवाल्या काकांनी आधी नखाने गंजाचे खड्डे चाचपले आणि पत्रा जिथे फारच खाल्ला गेला होता तिथे खडूने गोल केले. "ताई, यावर नुसतं क्रोम चढवलं तर खड्डा आणखी उठून दिसेल. आधी घासू, तांबं चढवू, परत बफ मारू (म्हणजे घासून चकाकी आणू), मग निकेल. क्रोम काय, नावाला असतं." अगदी खरं आहे. शोभेच्या क्रोमचा थर बहुतेक वेळा अर्धा मायक्रॉनसुद्धा नसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). गंज अडवतो तो खालचा निकेल, आणि रस्त्यावरच्या गाडीला तो १५-२० मायक्रॉन तरी हवा. स्वस्तात करून देणारे नेमका निकेलच वाचवतात. भाग हातात येतो तेव्हा चकाचक असतो, एक पावसाळा गेला की बारीक तांबूस ठिपके उठतात. माझ्या हँडलचं याआधी, दुसरीकडे केलेल्या कामात, हेच झालं होतं.

शॉकअपच्या स्प्रिंगा मात्र काकांनी घेतल्याच नाहीत. अ‍ॅसिडमध्ये बुडवताना आणि प्लेटिंग करताना कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, पोलाद ठिसूळ होतं आणि स्प्रिंग पुढे चालता चालता तुटू शकते. "त्याला पावडर कोटिंग करा," म्हणाले. पैसे मिळत असताना काम नाकारणाऱ्या माणसावर माझा डोळे झाकून विश्वास बसतो.

सायलेन्सर द्यायचे असतील तर आतलं जळकं ऑइल आणि कार्बन पूर्ण साफ करून न्या. यझदीसारख्या टू-स्ट्रोकला ते भरपूर साचतं आणि त्याने प्लेटिंगच्या टाकीतलं द्रावण नासतं, म्हणून तसेच आणलेले सायलेन्सर ते परत पाठवतात.

दर पेठेत ऐकला त्याच्या जवळपास दीडपट, बफिंगचे वेगळे. तो मला पटला. वेळेचं मात्र काही खरं नाही. आठवड्याचा वायदा होता, महिना लागला. फोन उचलत नाहीत, स्वतः जावं लागतं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी असते, त्या दिवशी हेलपाटा घालू नका.

रिमा घरी आल्यावर स्पोक बसवायच्या आधी भोकांच्या आतल्या कडांना मेण लावून घ्या. अशा आडोशाच्या जागी प्लेटिंगचा करंट नीट पोचत नाही, तिथे निकेल पातळच बसतो आणि गंज पहिला तिथूनच धरतो. हेसुद्धा काकांनी न विचारता सांगितलं.