नोबेलचं नाव, पावडरचे डबे आणि आमचे ७९,३५० रुपये

७९,३५० रुपये. एवढे पैसे आमच्या घरातून गेले आणि त्याबदल्यात घरात आल्या तीन बाटल्या कॅप्सूल, चार डबे पावडर, एक रंगीत अहवाल आणि फ्रिजवर चिकटवायचा एक तक्ता. माझ्या बाबांना पार्किन्सन आहे. नागपुरात 'सेल रीसेट', 'पेशींची सफाई', 'ऑटोफॅजी थेरपी' अशा नावांनी सभागृहांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये जे कार्यक्रम होऊन राहिले आहेत, त्यातल्याच एकात आम्ही सापडलो. रविवारी सकाळी फुकट व्याख्यान, तर्री-पोहे, मग 'फक्त आजच्यापुरती' सवलत. हा प्रकार कसा चालतो ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं. तरी पैसे गेले. ते कसे गेले, तेवढंच सांगते.

लोक विचारतात, शिकलेली असून फसलीस कशी? मी बीएस्सी आहे, प्राणिशास्त्र माझा विषय होता. गंडेदोरेवाला किंवा काढेवाला समोर आला असता तर मी दारातूनच परत पाठवला असता. इथे व्यासपीठावरचा माणूस जे सांगत होता ते मी तिथेच बसून फोनवर तपासत होते आणि ते अक्षरशः खरं निघत होतं. क्रिस्तियान द दुव यांनी लायसोसोम, म्हणजे पेशीतली पचवणारी पिशवी, शोधला, १९६३ मध्ये पेशीच्या स्वतःच्या सफाईला 'ऑटोफॅजी' हे नाव दिलं, १९७४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खरं. जपानच्या योशिनोरी ओसुमींनी पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट उपाशी ठेवलं, तेव्हा न पचलेल्या पिशव्या साचून सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसल्या. मग त्यांनी या कामाला लागणारी जनुकं शोधून काढली आणि २०१६ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल एकट्या त्यांना मिळालं. हेही खरं. पेशीत खराब झालेली प्रथिनं आणि निकामी मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग) यांच्याभोवती दुहेरी पडद्याची पिशवी तयार होते, ती लायसोसोमला जाऊन मिळते, तिथे आतल्या मालाचे तुकडे होतात आणि सुटे झालेले घटक पेशी पुन्हा वापरते. उपाशी राहिलं की हे काम वाढतं. सगळं खरं! पडद्यावर ओसुमींचा हसरा फोटो होता. संशय घ्यायचा तरी कशावर?

मग पार्किन्सनची स्लाइड आली. पिंक-१ आणि पार्किन नावाची जनुकं बिघडली की निकामी मायटोकॉन्ड्रिया हटवण्याचं काम अडतं आणि पार्किन्सन होतो, असं तो म्हणाला. बाबांचा हात माझ्या हातात होता, तो थरथरत होता. तो माणूस खाली उतरून थेट बाबांजवळ आला. "काकाजी, तुमच्या मेंदूतली कचरागाडी बंद पडून राहिली ना जी, बाकी काही नाही. आपण तिला चालू करून देऊ." ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनाच कळेल की या एका वाक्याने आमचं काय झालं असेल. डॉक्टर वर्षानुवर्षं प्रामाणिकपणे सांगतात की हा आजार बरा होत नाही, गोळ्यांनी त्रास आटोक्यात राहतो. आणि इथे एक माणूस नोबेलच्या आधाराने म्हणतो, चालू करून देऊ.

त्याने काय गाळलं ते मला नंतर कळलं. पार्किन हे जनुक १९९८ मध्ये जपानी संशोधकांनी शोधलं ते तरुण वयातच पार्किन्सन होणाऱ्या कुटुंबांमध्ये. असे आनुवंशिक रुग्ण थोडे असतात. बाबांना हा आजार सत्तरीला टेकल्यावर झाला, घराण्यात कोणालाही नाही. त्यांच्या चेतापेशींमध्ये नेमकं काय बिघडलं आहे ते कोणीही तपासलेलं नाही. पेशींची ही सफाई मंदावण्याचा पार्किन्सनशी संबंध असावा यावर जगभर गंभीर काम चालू आहे, पण ती यंत्रणा चालू करून आजार उलटवणारं औषध आजच्या घडीला कुठेही नाही.

आता पैसे. हॉलच्या मागच्या खोलीत 'सेल स्कॅन': धातूची दांडी मुठीत धरायची आणि समोर लॅपटॉपवर रंगीत आलेख नाचायला लागतो. २,५०० रुपये माणशी. "जोडीने करून घ्या ना ताई" म्हणाले, म्हणून आईचंही केलं, ५,००० गेले. बाबांचा 'ऑटोफॅजी स्कोअर' ३४, आईचा ३६, दोघांपुढेही लाल रंग. नव्वद दिवसांचं पॅकेज ६८,०००. त्याच दिवशी भरलं तर ५४,०००. भरले, यूपीआयने. तीन बाटल्या कॅप्सूल, ३,८५० ची एक, म्हणजे ११,५५०. पावडरचे चार डबे २,२०० प्रमाणे ८,८००. हे रोख मागितले आणि पावती दिली नाही. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, त्यांच्या मुदत ठेवीतले हे पैसे.

त्या स्कॅनबद्दल एकच सांगते. ऑटोफॅजी प्रयोगशाळेत मोजतात ती पेशी आणि ऊतींचे नमुने घेऊन, त्यातल्या एलसी-३ सारख्या प्रथिनांवरून. मूठ आवळून दांडी धरल्याने ती मोजली जात नाही. कोणत्याही दवाखान्यात 'तुमची ऑटोफॅजी इतके टक्के' सांगणारी मान्य तपासणी नाही. असा आकडा कोणी दाखवला की तिथून उठा, चप्पल घाला, घरी या.

पण ज्या क्षणावर माझा जीव अजून जळतो तो स्कॅनचा नाही. तो आमच्या स्वयंपाकघरातला आहे. त्यांचा माणूस घरी येऊन तक्ता लावून गेला. सकाळी ७ वाजता, उपाशीपोटी, दोन मोठे चमचे पावडर दुधातून, 'ऑटोफॅजी वाढवण्यासाठी'. मी डबा फिरवून पाहिला. पावडर प्रथिनांची होती. आणि त्याच माणसाच्या स्लाइडवर मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं की शरीराला अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनं पचून सुटे होणारे घटक, मिळाली की एमटॉर नावाचं प्रथिन जागं होतं आणि ऑटोफॅजी दाबली जाते. म्हणजे जी गोष्ट वाढवायला आम्ही पैसे मोजले तीच थांबवणारा पदार्थ आम्ही बाबांना रोज सकाळी पाजणार होतो! मी विचारलं. मी गप्प बसले नव्हते. तो म्हणाला, "ताई, आपल्या पावडरमध्ये स्मार्ट पेप्टाइड आहेत, ते एमटॉरला हात लावत नाहीत." एवढ्या ठामपणे बोलला की मीच चुकीचं वाचलं असेल असं वाटलं. पैसे भरून झालेले असतात, आई आशेने बघत असते, बाबांनी ग्लास हातात घेतलेला असतो. अशा वेळी माणूस वाद घालत नाही. त्यांचा सगळा धंदा याच वेळेवर उभा आहे.

त्याच तक्त्यात दुसरी गोष्ट होती आणि ती जास्त वाईट होती. बाबांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सनच्या मुख्य औषधाची, पहिली गोळीही सकाळी ७ ची. लेव्होडोपा आणि प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत एकाच वाटेने शिरतात. प्रथिनं जास्त झाली की गोळी मागे राहते. म्हणून तर ही गोळी जेवणाच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्यायला सांगतात. थोड्याच दिवसांत बाबा सकाळी पलंगावरून उठेनात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, बाथरूमच्या दारात उभेच्या उभे अडकायचे. मी फोन केला तर उत्तर मिळालं, "चांगलं लक्षण आहे, विष बाहेर पडून राहिलं, डोस दुप्पट करा." शिवाय गोळ्या हळूहळू बंद करायला सांगितल्या. हे ऐकून मात्र मी थांबले. गोळ्या बंद केल्या नाहीत. पार्किन्सनच्या गोळ्या अचानक तोडल्या तर ताप, शरीर लाकडासारखं ताठ होणं, शुद्ध हरपणं, इथपर्यंत जाऊ शकतं. तुमच्या घरात कोणाला मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि असे लोक सोळा-अठरा तासांचा उपास सांगत असतील, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणही बदलू नका.

धंतोलीत बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे तक्ता घेऊन गेलो. त्यांनी तो नीट वाचला आणि विचारलं, "पावडर गोळीबरोबर?" पावडर बंद झाली, गोळीची वेळ मोकळी झाली आणि बाबा पुन्हा पूर्वीसारखे चालायला लागले. तिथेच त्यांनी मला आणखी एक सांगितलं, जे व्याख्यानात कोणी सांगत नाही. ऑटोफॅजी वाढली म्हणजे चांगलंच, असं नाही. कर्करोग व्हायच्या आधी ती पेशींचं रक्षण करते, पण गाठ एकदा झाली की तिथल्या पेशी उपासमारीत जगायला हीच यंत्रणा वापरतात. म्हणूनच कर्करोगात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन नावाचं औषध देऊन ती अडवून पाहण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्या हॉलमध्ये आमच्या पुढच्या रांगेत केमोथेरपी चालू असलेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांनाही तेच पॅकेज, तीच कॅप्सूल. मला त्यांचं नाव माहीत नाही, नाहीतर घर शोधून सांगितलं असतं.

पैसे परत मागितले. आधी 'बघतो', मग 'वरिष्ठांशी बोला', मग फोन बंद.

आणि आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: "पैसे तुम्हीच दिले ना? कोणी धमकी दिली होती का?" धमकी दिली असती तर ती खंडणी झाली असती, फसवणूक म्हणजे माणूस स्वतःच्या हातानेच पैसे देतो, म्हणून तर कायद्यात तिला वेगळं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८. हे मी बोलले तर "मग कोर्टात जा, दिवाणी मॅटर आहे". पैसे यूपीआयने गेले म्हटल्यावर दुसऱ्या टेबलावर, तिथे "फसवणूक ऑनलाइन झाली नाही, फक्त पेमेंट ऑनलाइन आहे" म्हणून परत पहिल्या टेबलावर. औषधांची तक्रार घेणाऱ्या कार्यालयात गेले तर साहेबांनी डबा उलटा करून दाखवला: "औषधी वापरासाठी नाही असं लिहिलंय, म्हणजे हे औषध नाही, आमचं काम नाही." अन्नाच्या तक्रारी घेणाऱ्या टेबलावर गेले तर सील तुटलेला डबा चालत नाही, बंद डबा आणा. म्हणजे त्याच चोरांना आणखी २,२०० रुपये देऊन मी पुरावा विकत आणायचा! मे महिन्याच्या उन्हात बाबा खाली ऑटोत बसलेले, कारण त्यांची सही लागेल असं आदल्या वेळी सांगितलं होतं, आणि त्या दिवशी सही घ्यायला कोणी जागेवर नव्हतं. व्हॉट्सॲपवरचे त्यांचे मेसेज दाखवले, त्यात मधुमेह आणि कर्करोग 'मुळापासून बरा' लिहिलेलं आहे. १९५४ पासून देशात औषधे व जादूटोणा उपाय कायदा आहे, मधुमेह आणि कर्करोग बरा करण्याची जाहिरात करणं त्यात गुन्हा आहे. साहेब म्हणाले, मेसेज म्हणजे जाहिरात नाही. त्या कायद्यात पत्रक, लेबल, अगदी तोंडी घोषणासुद्धा जाहिरातच आहे, मी छापून नेलं होतं. त्यांनी कागद वाचला नाही, आवक खिडकीत द्या म्हणाले. खिडकी दुपारी बंद होती.

या लोकांचं पगारपत्रक आपल्या करातून निघतं. फसवणारा तर चोर आहेच, पण म्हाताऱ्या आजारी माणसाला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरवणाऱ्यांना काय म्हणायचं? आमच्या कॉलनीतले दोघे जण याच कार्यक्रमात फसले आहेत, त्यांनी तक्रारच केली नाही. मला आता त्यांचं कारण कळतं.

तरी तक्रार करा, लेखी करा आणि पोच घ्या. ठाण्यात गुन्हा नोंदवून घेत नसतील तर तोच अर्ज वरिष्ठ अधिकाऱ्याला टपालाने पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत २ वर्षांची आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५. पैसे ऑनलाइन गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. मी उशीर केला कारण आम्हाला नव्वद दिवस थांबायला सांगितलं होतं, आणि आता वाटतं ते नव्वद दिवस त्यासाठीच होते. नावापुढे डॉक्टर लावणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारा, ॲलोपॅथीचा डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. डब्यावर १४ अंकी परवाना क्रमांक आहे का ते बघा, आणि असला तरी तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, आजार बरा करण्याचा नाही. रोख देऊ नका. हॉलमध्ये फोन बंद ठेवायला सांगितलं तर तेव्हाच बाहेर पडा.

मी ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. नोटीस 'पत्ता सोडून गेले' अशा शेऱ्याने परत आली. वर्धा रोडवरचं त्यांचं ऑफिस रिकामं आहे, पण तीच माणसं नव्या नावाने आता मायटोकॉन्ड्रियावर व्याख्यानं देऊन राहिली आहेत, माझ्या मावसबहिणीलाच निमंत्रण आलं. तुमच्याकडे 'वेलनेस सल्ला शुल्क' लिहिलेली, खाली नावाऐवजी नुसती सही असलेली पावती असेल तर ती फाडू नका, डबे फेकू नका, न फोडलेला डबा असेल तर तो तसाच ठेवा. माझ्याकडे अन्नाच्या टेबलावर नेमका तोच मागितला होता. आणि आपली तक्रार आपल्या नावाने वेगळी दाखल करा, म्हणजे पुढच्या वेळी कोणालाही 'हा तुमचा आपसातला व्यवहार आहे' म्हणून हाकलणं त्या टेबलांना जमणार नाही.