एएमचा सेट घ्यावा की फोनवरच भागवावं?

जुन्या आठवणींपोटी एएमचा, म्हणजे मीडियम वेव्हचा, ट्रान्झिस्टर रेडिओ घ्यायचं मनात असेल, तर आधी नेमकं काय हवंय ते ठरवा. जुनी गाणी हवी असतील तर सेट घेऊच नका. मीडियम वेव्हवर एका स्टेशनच्या वाट्याला जेमतेम ९-१० किलोहर्ट्झची जागा येते. त्यातून पाचेक किलोहर्ट्झच्या वरचा आवाज सहसा येतच नाही. झांजा, तारा सगळं बोथट. गाण्यांत स्ट्रीमिंगशी बरोबरी नाहीच. बोलणं मात्र एएमवर गोलसर, जवळचं वाटतं.

सेट घ्यावा तो रात्रीसाठी. दिवसा आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित पट्ट्याचा, सर्वांत खालचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरतो, वरचे थर लहरी खाली परतवतात आणि शेकडो किलोमीटरवरचं स्टेशन काट्याखाली येतं. आवाज चढतो, विरतो, मध्येच भलतीच भाषा घुसते. फोनवर इंटरनेटमधून याहून कितीतरी जास्त स्टेशनं मिळतात, पण तिथे नाव शोधावं लागतं. इथे जे लागेल ते ऐकायचं.

मेख आहे ती घरातच. माझा सेट एलईडी दिव्याशेजारी नुसता घरघरत होता. दिवा मालवला, चार्जर उपसला, तेव्हा कुठे निवेदक बोलू लागला. मग सेट टेबलावर हळूहळू फिरवला. आतल्या फेराइटच्या दांड्याचं (हाच सेटचा अँटेना) टोक स्टेशनाकडे गेलं की आवाज बुडतो, दांडा त्या दिशेला आडवा झाला की वर येतो. खरखर एकाच बाजूने येत असेल तर टोक तिच्याकडे करा, बरीच मरते.

खर्चाचं म्हणाल तर सेल बरेच दिवस पुरतात. फोनवर १२८ केबीपीएसला तासाला ५८ एमबीच्या आसपास डेटा जातो. शिवाय सामन्याचं समालोचन कधी कधी अर्धा मिनिट उशिरा येतं; रेडिओवर चेंडू आणि आवाज जवळपास एकदमच.

पण स्टेशनंच कमी होताहेत. जर्मनीच्या डॉइचलांडफुंक या रेडिओ केंद्राने २०१५ च्या अखेरीस मीडियम वेव्ह बंद केली. काही इलेक्ट्रिक गाड्यांतूनही एएम गेलं, कारण मोटरचा विद्युत गोंगाट.

म्हणून आधी कुणाचा तरी सेट मागून आणा. रात्री दहानंतर दिवे-चार्जर बंद करून अर्धा तास काटा फिरवा. तीन-चार स्टेशनंही हाती लागली नाहीत, तर पैसे वाचवा. फोन आहेच.