नागावच्या स्विमिंग पूलसाठी घेतलेल्या वस्तू : दिवाळी ते गणपती वापरल्यावर

अलिबागच्या दक्षिणेला नागावात आमचं छोटं घर आहे आणि मागच्या वाडीत 8 मीटर बाय 4 मीटरचा पोहायचा पूल. खोली तीन फुटांपासून पाच फुटांपर्यंत, म्हणजे पाणी साधारण 40 हजार लिटर. आकडा आधीच सांगून ठेवते, कारण खालचे सगळे हिशेब त्यावरच आहेत. तुमचा पूल वेगळा असेल तर लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा आणि त्याला हजाराने गुणा.

आम्ही ठाण्याहून जमेल तसे शनिवार-रविवारी जातो. एरवी पूल सांभाळतात ते वाडीवर राहणारे दादा आणि वहिनी. त्यामुळे वस्तू कामाची आहे की नाही, हे तेच ठरवतात. आठवड्याच्या मधल्या वारी, आमचा फोन गेलेला नसताना, वहिनी जी वस्तू आपणहून वापरतात ती कामाची. दुसरा परीक्षक पाऊस. ॲरिझोना-टेक्सासमधल्या लोकांनी यूट्यूबवर दिलेल्या 'हव्याच' वस्तूंच्या याद्या मी भरपूर पाहिल्या, पण त्या याद्यांना जून ते सप्टेंबर हा काळ ठाऊकच नाही.

सगळ्यात कामाची वस्तू सगळ्यात स्वस्त वस्तूंपैकी एक निघाली : थेंबांनी पाणी तपासायची पेटी. आपल्याकडे पूलवाले बहुतेक वेळा पिवळा रंग दाखवणारी ओटीओची पेटी देतात. तिच्यात एकूण क्लोरीन दिसतं. त्यातलं कामाचं, म्हणजे मुक्त क्लोरीन किती आणि घामा-लघवीशी जोडलं जाऊन वाया गेलेलं किती, ते कळत नाही. गुलाबी रंग येणारी डीपीडी पेटी घ्या. तिच्यात दोन्ही वेगळी मोजता येतात. पाहुणे नाक मुरडून 'क्लोरीन फार झालंय हो' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा उलटं असतं. तो झोंबरा वास जोडल्या गेलेल्या क्लोरीनचा असतो आणि त्यावर उपाय म्हणजे आणखी क्लोरीन. गुलाबी रंग उमटून लगेच उडाला, तर मात्र क्लोरीन संपलंय असं समजू नका. ते खूपच जास्त असलं तरी रंग उडतो. पाणी अर्धं साधं, अर्धं पूलचं घेऊन पुन्हा तपासायचं.

कागदी पट्ट्याही घेतल्या होत्या. कोकणातल्या हवेत त्या टिकत नाहीत. जूनमध्ये डबीचं झाकण जरा सैल राहिलं की सगळ्या पट्ट्या एकच रंग दाखवायला लागतात. थेंबांच्या बाटल्या घरात कपाटात, अंधारात ठेवल्या की वर्षभर चालतात. वहिनींनी पेटी पहिल्याच आठवड्यात हातात घेतली. आता भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकटीत पीएच आणि क्लोरीन लिहिलेलं असतं. पीएच 7.2 ते 7.8 आणि मुक्त क्लोरीन निदान 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भाग पाण्यात इतके भाग) एवढंच त्यांना सांगितलं होतं.

'निदान' म्हणण्याचं कारण स्टॅबिलायझर, आणि खरेदीत पैसे वाचतात किंवा बुडतात ते इथेच. साधं क्लोरीन उन्हात टिकत नाही. एप्रिलच्या दुपारी काही तासांत ते बहुतेक उडून जातं. म्हणून त्याला उन्हापासून जपायला पाण्यात सायन्यूरिक ॲसिड घालतात, तेच स्टॅबिलायझर. टीसीसीएच्या, म्हणजे पूलमध्ये हळूहळू विरघळणाऱ्या क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्यांमध्ये ते आधीच असतं. 200 ग्रॅमची एक गोळी माझ्या पूलमध्ये साधारण साडेचार पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत पावणेतीन पीपीएमच्या आसपास स्टॅबिलायझर सोडून जाते. क्लोरीन संपतं, स्टॅबिलायझर तसंच राहतं. आठवड्याला तीन गोळ्या धरा : तीन महिन्यांत ते शंभरीच्या घरात जातं. आणि ते जितकं जास्त, तितकं क्लोरीनही जास्त ठेवावं लागतं. मुक्त क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्क्यांच्या आसपास, असा पूल सांभाळणाऱ्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे 40 ला 3 पुरतं, पण 100 ला साडेसात लागतं. पेटी 2 दाखवतेय आणि पाणी तरी हिरवं पडतंय, याचं कोडं बऱ्याचदा इथे सुटतं. दुकानदार अशा वेळी शेवाळ मारायचं औषध विकतो.

स्टॅबिलायझर मोजायची वेगळी नळी मिळते. तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत, औषध मिसळल्यावर गढूळ होणारं पाणी तिच्यात ओतत जायचं. ती घ्याच.

कोरड्या भागातले लोक स्टॅबिलायझर वाढलं की पूल अर्धा रिकामा करतात. आमच्याकडे ते काम पाऊस करतो आणि फुकट करतो. अलिबाग पट्ट्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माझ्या पूलची सरासरी खोली सव्वा मीटरसुद्धा नाही. म्हणजे पूलमध्ये मावतं त्याहून कितीतरी जास्त पाणी नुसतं आभाळातून त्यात पडतं आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून निघून जातं. गणपतीत मोजलं तेव्हा ठिपका नळी तोंडापर्यंत भरली तरी दिसत होता. स्टॅबिलायझर जवळजवळ धुऊन गेलेलं.

त्यामुळे माझी क्लोरीनची खरेदी आता ऋतूप्रमाणे होते. पाऊस संपला की गोळ्या. क्लोरीनही मिळतं, स्टॅबिलायझरही पुन्हा 30-40 वर येतं. होळीच्या आसपास गोळ्या बंद आणि पातळ सोडियम हायपोक्लोराइट सुरू. ताजं, दहा टक्क्यांचं असेल तर माझ्या पूलला 1 पीपीएमसाठी साधारण 400 मिलिलिटर पुरतं. कॅन मोठा घेऊ नका. उकाड्यात त्याची ताकद महिन्याभरात उतरते, म्हणून मी लहान कॅन आणि तोही ज्या दुकानात माल पटापट खपतो तिथूनच घेते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल (ब्लिचिंग) पावडर सगळ्यात स्वस्त पडते हे खरं, पण तिच्यात क्लोरीन तिसरा हिस्सा आणि बाकी बराचसा चुना. विहिरीला ठीक, पूल मात्र पुढे दोन दिवस ताकासारखा दिसतो. आणि एक गोष्ट दादांना मी तीनतीनदा सांगितली आहे, इथेही सांगते : टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट (टीसीएल पावडरही त्याच जातीची) एकाच डब्यात, एकाच मापाने, एकाच फ्लोटरमध्ये (गोळ्या ठेवायच्या तरंगत्या डबीत) कधीही नाही. दोन्ही एकत्र आली की पेट घेतात, स्फोटही होतो. आम्ही दोन रंगांचे डबे, दोन रंगांची मापं ठेवली आहेत. प्लॅस्टिकच्या मगांवर केलेला हा खर्च या यादीत वरचा आहे.

पावसाने अल्कलिनिटीही, म्हणजे पाण्याची पीएच सावरून धरायची ताकद, उतरते आणि मग पीएच वरखाली उड्या मारतो. ती वाढवायला पूलच्या दुकानात जी पावडर बरणीतून विकतात ती म्हणजे खाण्याचा सोडा. किराणा घाऊक बाजारातून 25 किलोची गोणी आणा. माझ्या पूलला 10 पीपीएम वाढवायला पाऊण किलोपेक्षा कमी लागतो. अल्कलिनिटी 80 ते 120 च्या मध्ये ठेवली की पुरे.

आता सगळ्यात महाग वस्तू. तळ झाडणारा वायरवाला रोबो घेतला, किंमत लाखाच्या घरात. घेताना घरात वाद झाले. पण तो वसूल झाला, आणि कारण स्वच्छतेपेक्षा पाणी आहे. रोबोची स्वतःची जाळी असते, त्यामुळे कचरा वाळूच्या फिल्टरपर्यंत जातच नाही आणि बॅकवॉश, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुणं, लांबतो. बॅकवॉशमध्ये दर वेळी शेकड्यांनी लिटर पाणी जातं. एप्रिलनंतर आमच्या विहिरीचं पाणी खाली जातं आणि मचूळ होतं, त्या दिवसांत ही बचत डोळ्यांना दिसते. वरून टोपली निघेल असाच घ्या. खालून उघडणारा उलटा करताना कचरा परत पाण्यात सांडतो. बाहेर काढताना तो पाणी धरून जड होतो, वहिनी एकट्या ओढत नाहीत. काठाशी आणून पाणी निथळू देतात आणि दादांना हाक मारतात. भिंत शेवाळाने बुळबुळीत असेल तर रोबो चढत नाही, घसरतो. तिथे आधी ब्रश आणि क्लोरीन. माडाच्या पोयीतून गळणारी फुलं तो छान गोळा करतो, बोंडं मात्र तोंडात अडकतात. बॅटरीवाले रोबो पाहिले होते, पण वाडीवर वीज कधी जाईल आणि कधी येईल याचा भरवसा नाही, तिथे आणखी एक चार्जिंग मला नको होतं.

रोबोच्या आधी लांब दांड्याची खोल पिशवीची जाळी घ्या, सपाट नको. सपाट जाळीतून गोळा केलेली पानं वळवताना निम्मी परत पाण्यात पडतात. एवढंच.

पंपाबद्दल माझं मत लोकांना पटत नाही. वेग कमी-जास्त होणारा पंप उत्तमच : वेग निम्मा केला की लागणारी ताकद हिशेबाने आठव्या भागावर येते, म्हणजे दुप्पट वेळ चालवला तरी वीज चौथाईच्या आसपास. पण आमचा जुना एक अश्वशक्तीचा पंप धडधाकट आहे, तो काढून नवा बसवण्यात मला राम दिसला नाही. त्याऐवजी टायमर बसवला. आधी पंप वहिनींच्या आठवणीवर चालायचा, कधी दिवसभर, कधी नाहीच. तासाला दहा हजार लिटर धरले तरी चार तासांत सगळं पाणी एकदा फिल्टरमधून जातं. आता हिवाळ्यात रोज सहा तास, उन्हाळ्यात आठ. वरच्या स्लॅबमधून बिल खाली आलं. टायमर घेताना आत बॅटरी असलेला डिजिटल घ्या. चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि काही दिवसांनी सकाळचा पंप रात्री चालू होतो.

फिल्टरवरचा प्रेशर गेज खाऱ्या हवेने गंजून एकाच जागी अडकला होता. ग्लिसरिन भरलेला स्टीलचा गेज काही शे रुपयांत आला. फिल्टर स्वच्छ असताना काटा होता तिथे मार्करने रेघ मारली आहे. त्याच्या पाव पट वर गेला की बॅकवॉश, त्याआधी नाही. बाकी व्हॉल्व्हचा दांडा पंप बंद करूनच फिरवायचा, हे दादांनी त्याच मार्करने शेजारी लिहून ठेवलं.

पावसाळ्यात रोज सकाळी स्किमरच्या (काठाशी वरचा कचरा ओढून घेणाऱ्या खोबणीच्या) टोपलीत काहीतरी जिवंत असतं. बहुधा बेडूक, कधी खेकडा, एकदा सापाचं पिल्लू. म्हणून टॉर्च आणि लांब चिमटा तिथेच खुंटीला, हात घालायचा नाही. बेडकांना बाहेर पडायला तरंगता उतार मिळतो, तोही मागवला, ठीक आहे. पण दादांनी काथ्याची जुनी पायपुसणी काठावरून पाण्यात सोडली, तिच्यावरून जास्त बेडूक वर येतात असं दिसतं. उतार आता भाचरं होडी म्हणून वापरतात.

कुंपणाविषयी मी गमतीत लिहिणार नाही. वाडीला गडगा असला तरी पोरं सगळीकडून येतात, आणि पाहुण्यांच्या गर्दीत प्रत्येकाला वाटतं की लहान मुलाकडे दुसरं कुणीतरी बघतंय. काढता-घालता येणारं जाळीचं कुंपण घेतलं. ऑस्ट्रेलियात घरगुती पूललासुद्धा निदान 1.2 मीटर उंचीचं कुंपण सक्तीचं आहे, तीच उंची आम्ही धरली. फाटक पूलच्या उलट्या दिशेला उघडतं, आपोआप मिटतं आणि कडी मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आहे. याच कारणासाठी तरंगता अलार्म घेतला होता, तो वाऱ्याने आणि सरींनी इतका कोकलतो की जुलैपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे लक्ष देणं सोडलं. तसा अलार्म नसलेला बरा. पूलची वीज 30 मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की प्रवाह तोडणाऱ्या स्विचवर) आहे आणि पाण्यातले दिवे 12 व्होल्टचे. दमट हवेत आरसीसीबी पडला तर कारण शोधायचं, त्याला वळसा घालायचा नाही.

पैसे वाया गेलेल्या वस्तू थोडक्यात. रंग बदलणारे तरंगते दिवे. सुगंधी द्रव. आणि सूर्यप्रकाशावर चालणारा, पाण्यात तांबं सोडणारा एक गोळा. विकणाऱ्याने 'आता क्लोरीन लागणारच नाही' असं सांगितलं होतं. क्लोरीन लागलंच, वर पायऱ्यांवर हिरवट डाग आले. ज्याला सुपारीवर कोळेरोगासाठी मोरचूद मारून माहीत आहे त्या दादांनी तो बघताक्षणी विचारलं होतं, 'ताई, पोरं पोहतात त्या पाण्यात तांबं कशाला?'

मिठावर क्लोरीन बनवणारं यंत्र आम्ही विचार करून टाळलं. लिटरला तीन-चार ग्रॅम मीठ, म्हणजे सुरुवातीला 120 ते 160 किलो. त्यातलं बरंचसं पावसाळ्यात ओव्हरफ्लोने वाडीत आणि माडांच्या मुळाशी गेलं असतं. दिवाळीला पुन्हा गोण्या आणायच्या. पुण्या-नाशिकला, पाऊस कमी तिथे, हिशेब वेगळा येईल.

आच्छादन म्हणून फुग्यांचं निळं प्लॅस्टिक घेतलं, त्याचा निकाल अर्धा आहे. आच्छादनाने भरावं लागणारं पाणी 30 ते 50 टक्के वाचतं असं अमेरिकेचा ऊर्जा विभाग सांगतो, आणि उन्हाळ्यातल्या आमच्या मोटरच्या वेळांवरून ते पटतं. पण मेमध्ये त्याखाली पाणी कोमट होतं, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवावं लागतं. पावसात त्यावर तळं साचतं, तेव्हा ते गुंडाळूनच ठेवायचं. आणि हे प्लॅस्टिक लहान मुलाचं वजन पेलत नाही, उलट पडलेलं मूल त्याखाली दिसतही नाही. ते घातलं म्हणून कुंपणाचं फाटक उघडं ठेवायचं नाही. ओलं झाल्यावर ते गुंडाळायला दोन माणसं लागतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवसांत ते दर वेळी घातलं जात नाही. हाताने फिरवायचा रोलर दिवाळीनंतर घेणार आहे. चाकं स्टीलची आहेत की नुसती मुलामा दिलेली, एवढं दुकानात बघायचं राहिलंय.