फ्रान्समधील विद्यापीठाची खानावळ: दोन वर्षे जेवल्यानंतरचा अभिप्राय

लातूरच्या बसस्थानकावर सकाळी अकराच्या सुमारास गावाकडून येणाऱ्या एसटीची वाट पाहत उभी असलेली मुले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना घराबाहेर शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या जेवणाचा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षे औसा तालुक्यातील आमच्या गावाहून माझा डबा त्याच गाडीने येत असे. झाकणावर वडिलांचे नाव कोरलेले होते, आत ज्वारीच्या दोन भाकरी, कोरडी भाजी आणि कागदात बांधलेली शेंगदाण्याची चटणी. गाडी चुकली की त्या दिवशी उपास घडे. पदवीच्या वर्षांत मेस लावली आणि तो प्रश्न सुटला असे वाटले. 2023 च्या सप्टेंबरमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी फ्रान्सला निघाले, तेव्हा व्हिसा, शुल्क आणि खोली यांविषयी दिसेल त्याला विचारत होते, पण रोज दुपारी काय खायचे आणि कुठे खायचे हे मी कोणालाही विचारले नव्हते. आता शिक्षण पूर्ण करून घरी आल्यावर मागे वळून पाहते, तेव्हा त्या परक्या देशात मी रुळले ती वर्गात नव्हे आणि खोलीतही नव्हे, तर विद्यापीठाच्या खानावळीत, असे मला मनापासून वाटते. म्हणून हा अभिप्राय तिच्याविषयी.

तिकडे या खानावळीला सगळे ‘रेस्तो यू’ म्हणतात. ती चालवते ‘क्रूस’ ही सार्वजनिक संस्था. 16 एप्रिल 1955 च्या कायद्याने या प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या आणि विद्यार्थ्यांची वसतिगृहे, खानावळी, गरजूंच्या शिष्यवृत्त्या हे सारे त्यांच्याकडे आहे. मी होते त्या काळात, म्हणजे 2023 ते 2025 मध्ये, दुपारच्या पूर्ण जेवणाचा दर संपूर्ण देशात एकच होता, 3 युरो 30 सेंट. आपल्या हिशेबाने तेव्हाचे साधारण तीनशे रुपये. लातूरच्या मेसची सवय असलेल्या माणसाला हा आकडा ऐकून धक्का बसतो, मलाही बसला होता. पण बाहेरच्या बेकरीत एक सँडविच, एक पेय आणि एक गोड पदार्थ घेतला तरी सात-आठ युरो सहज जातात, हे कळल्यावर हिशेब उलटा फिरतो. महिन्याला वीस दुपारी धरल्या तर 66 युरो होतात. विद्यार्थी व्हिसासाठी तेव्हा महिना किमान 615 युरो दाखवावे लागत, आणि तेवढ्यातच घर चालवणाऱ्या माझ्यासारखीला दुपारच्या एका पोटभर जेवणावर इतकाच खर्च होणे ही फार मोठी निश्चिंती होती.

याहून महत्त्वाची गोष्ट मला सहा महिने उशिरा समजली. सरकारी शिष्यवृत्ती असलेल्या विद्यार्थ्यांना हेच जेवण 1 युरोत मिळत होते, आणि शिष्यवृत्ती नसलेला विद्यार्थीही, तो परदेशी असला तरी, आर्थिक ओढाताणीत असेल तर तसा अर्ज करून हा दर मागू शकत होता. आपल्या मुलांना असा अर्ज करणे कमीपणाचे वाटते. घरी कळले तर आई-वडिलांच्या जिवाला लागेल, ही भीतीही असते. असा संकोच बाजूला ठेवावा असे मी आग्रहाने सांगेन, कारण अशा सोयी अडचणीसाठीच ठेवलेल्या असतात. जाण्यापूर्वी त्या वर्षीचा दर मात्र एकदा पाहून घ्यावा.

पैसे देण्याची पद्धत पहिल्या दिवशी गोंधळात टाकते. विद्यापीठात नाव नोंदवण्याआधी ‘सेवेक’ नावाचे विद्यार्थी-जीवन शुल्क भरावे लागते. 2023 साली ते 100 युरो होते आणि दुसऱ्या वर्षी 103 झाले. त्याची पावती दाखवल्याशिवाय प्रवेश पूर्ण होत नाही. नोंदणी झाली की ‘इझली’ या खात्याचा ईमेल येतो. त्या खात्यात पैसे भरायचे आणि खानावळीच्या गल्ल्यावर विद्यार्थी ओळखपत्र किंवा फोनमधील चौकोनी कोड दाखवायचा. हा ईमेल जाहिरात समजून बाजूला टाकू नये. माझ्या वर्गातील दोघांनी टाकला होता आणि नंतर त्यांना खूप खटपट करावी लागली.

आमच्या घरात माळ आहे. वडील दरवर्षी वारी करतात आणि घरात अंडेही येत नाही. त्यामुळे या खानावळीत मला सर्वांत जास्त काळजी वाटली ती शाकाहाराची, आणि याच बाबतीत मराठवाड्यातून जाणाऱ्या मुलांना काही सांगण्यासारखे माझ्याकडे आहे. फ्रान्समध्ये ऑगस्ट 2021 मध्ये हवामानविषयक कायदा झाला. त्यानुसार 1 जानेवारी 2023 पासून, जेथे एकापेक्षा जास्त पदार्थांतून निवड असते अशा सरकारी उपाहारगृहांत रोज एक शाकाहारी पर्याय ठेवणे बंधनकारक आहे. मी गेले तेव्हा हा नियम लागू होऊन काही महिने झाले होते, आणि मला दोन वर्षांत शाकाहारी पदार्थ नाही म्हणून रिकामा ट्रे घेऊन परतावे लागले नाही. पण त्यांचा शाकाहार आणि आपला शाकाहार एक नाही. त्यांच्या शाकाहारी पदार्थात अंडे असते आणि चीज तर असतेच. अनेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजवण्यासाठी वासराच्या जठरातील घटक वापरतात. मूस किंवा फळांच्या जेलीसारख्या गोड पदार्थांत प्राण्यांच्या हाडांपासून आणि कातडीपासून केलेले जिलेटिन असू शकते. पुष्कळ लोकांच्या बोलण्यात ‘मांस नको’ याचा अर्थ ‘मासे चालतील’ असाही होतो. म्हणून नुसते ‘व्हेजेतारियँ’ म्हणून थांबू नये. ‘साँ व्यांद, साँ प्वासाँ, साँ झफ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, अंडी नकोत, ही तीन वाक्ये विमानात बसण्यापूर्वी पाठ करावीत. मी ती केली नव्हती. पहिल्याच आठवड्यात एका दुकानातून मसुरीच्या सॅलडचा डबा आणला, वरवर पाहिले तर निव्वळ डाळ. दोन घास खाल्ल्यावर दाताखाली खारट, चिवट तुकडा आला, तो डुकराच्या मांसाचा होता. त्या रात्री मी वडिलांना फोन केला नाही. पुढे खानावळीत वाढणाऱ्या बाईंना मी घडलेला प्रकार मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये सांगितला, तेव्हापासून त्या मला पाहिल्या की आधी मान हलवून कोणत्या भांड्याकडे जायचे ते सुचवत. सूप शाकाहारी आहे की कोंबडीच्या रसात केले आहे, हेही त्या न विचारता सांगत. एवढी आस्था पैसे देऊन मिळत नाही.

चवीविषयी खरे तेच लिहिते. आपल्या जिभेला हे जेवण अळणी वाटते. तिखट नाही, फोडणी नाही, आणि भाजी उकडून लोण्यात परतली की ती झाली असे तेथे मानतात. मी घरून येसर आणि काळा मसाला नेला होता. एका लहान डबीत तो रोज दप्तरात असे आणि उकडलेल्या बटाट्यावर, फरसबीवर, भातावर चिमूटभर टाकला की जेवण आपले होई. पण काही पदार्थ मला मसाल्याविनाच आवडू लागले. किसलेल्या गाजरावर तेल, शिरका आणि मोहरीची पेस्ट घालून ते ‘कारोत रापे’ करतात, ती आपल्या कोशिंबिरीची सख्खी बहीण आहे, फक्त दाण्याचे कूट नाही. कुसकुस हा उत्तर आफ्रिकेतून आलेला पदार्थ आता तिकडचाच झाला आहे. वाफवलेला रवा मोकळा करून वाढतात आणि त्यावर छोले, गाजर, भोपळा यांचा पातळ रस्सा असतो. ज्या दिवशी तो असे, त्या दिवशी मला आमच्या गावचा सांजा आठवे. दही लहान कपात मिळते आणि जेवणानंतर गोड म्हणून साखर घालून खातात. मी ते भातात कालवून खात असे, समोरचे मित्र आश्चर्याने पाहत आणि पुढे त्यांतील एकाने तसे खाऊनही पाहिले.

पाव आणि पाणी या दोन गोष्टी मला विशेष लक्षात राहिल्या. पाव कडक सालीचा, आतून मऊ आणि ताजा असे. भाकरीचा पापुद्रा मोडावा तसा तो हाताने मोडून ताटाच्या कडेला ठेवायचा आणि शेवटी त्याने उरलेला रस्सा पुसून घ्यायचा. ही रीत आपल्याकडचीच आहे, म्हणून मी पहिल्या दिवसापासून त्यात सहज मिसळले. पाणी नळाचे, पाण्याच्या जगमध्ये भरून टेबलावर आणायचे, कितीही प्यायचे, पैसे नाहीत. 2016 च्या एप्रिलमध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, तेव्हा मी शाळेत होते आणि रांगेत घागर धरून उभी राहिले होते. भरलेला जग कोणी तसाच ओतून दिला की आजही माझा जीव कळवळतो. जेवण झाल्यावर उरलेले अन्न एका बाजूला, कागद दुसऱ्या बाजूला असे स्वतः वेगळे करून ट्रे परत द्यावा लागतो. ताटात टाकून दिलेले अन्न सर्वांसमोर दिसते, त्यामुळे जपून वाढून घेण्याची सवय लागते.

दुपारचे जेवण तिकडे उभ्याने उरकायची गोष्ट नाही. बारा वाजले की प्रयोगशाळेतील माणसे कामे थांबवतात, एकमेकांना हाका मारतात आणि तासभर एकत्र बसतात. मला सुरुवातीला हा वेळेचा अपव्यय वाटे, मी डबा उघडून पुस्तकासमोर जेवण्याच्या सवयीची. पण महिनाभरात ध्यानात आले की या तासात न बसणारा विद्यार्थी बाहेरचाच राहतो. माझी फ्रेंच सुधारली ती याच टेबलावर, कारण वर्गात चुकायची लाज वाटे आणि हातात पाव असताना वाटत नसे. हिवाळ्यात तिकडचे बारा म्हणजे आपल्याकडचे साडेचार. आई त्याच वेळी चहा टाकत असे. मी फोनवर तिला ताट दाखवायची आणि ती प्रत्येक पदार्थाचे नाव विचारायची.

उपयोगाची माहितीही याच टेबलावर मिळाली. निघण्यापूर्वी मी आपल्याकडील एका मोठ्या शहरातील सल्लागारांकडे खोलीसाठी पैसे भरले होते. फ्रान्समध्ये भाड्याच्या खोलीला जामीनदार लागतो, म्हणून त्यांनी मला विकतची हमी घ्यायला लावली. एका दुपारी समोर बसलेल्या मोरोक्कोच्या मुलीने सांगितले की ‘व्हिझाल’ ही हमी विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते आणि तिने स्वतः ती घरबसल्या घेतली होती. माझ्या वडिलांचे एका हंगामातील सोयाबीनचे पैसे त्या व्यवहारात गेले होते, त्यामुळे हे ऐकून पुढचा घास उतरला नाही. आरोग्य विम्याची सरकारी नोंदणीही विनामूल्य असते, तीन महिन्यांच्या आत व्हिसा ऑनलाइन वैध करून घ्यावा लागतो, आणि ग्रामपंचायतीचा जन्मदाखला तेथील अधिकृत अनुवादकाकडून फ्रेंचमध्ये करून घ्यावा लागतो, हे सगळे मला त्याच मुलीकडून आणि तिच्या मैत्रिणींकडून कळले.

या सेवेच्या मर्यादा मात्र नीट समजून घ्याव्यात. बहुतेक रेस्तो यू फक्त सोमवार ते शुक्रवार आणि फक्त दुपारी उघडे असतात. रात्री व शनिवारी चालणारी मोजकीच असतात, आणि ऑगस्टच्या सुट्टीत जवळपास सर्वत्र शुकशुकाट असतो. साडेअकरा ते दीड ही वेळ गेली की जेवण गेले. म्हणजे रात्रीचा आणि रविवारचा स्वयंपाक स्वतःला आलाच पाहिजे. मी तीन लिटरचा कुकर नेला होता, त्याचे सार्थक झाले. ज्वारीचे पीठही पाच किलो नेले, पण मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघरात विजेची शेगडी होती, जाळ नव्हता, त्यामुळे भाकरी भाजे पण फुगत नसे. शेवटी तव्यावर जाळी ठेवून काम भागवले. राहत्या घरात धूर ओळखणारे यंत्र बसवणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. लसणाची फोडणी दिली आणि खिडकी उघडायची राहिली, तर ते यंत्र संपूर्ण मजला गोळा करते. फोडणीपूर्वी खिडकी उघडावी आणि कढईवर झाकण ठेवावे.

यंदा जाणाऱ्यांनी एक करावे. क्रूसच्या संकेतस्थळावर प्रत्येक खानावळीच्या वेळा आणि रोजचे पदार्थ दिलेले असतात. आपल्या शहरात रात्री कोणती उघडी असते ते तेथे पाहावे आणि मगच खोलीचा परिसर ठरवावा. मी उलटे केले, खोली आधी घेतली. रात्री चालणारी खानावळ माझ्या घरापासून पायी पस्तीस मिनिटांवर होती, आणि जानेवारीच्या थंडीत तेवढे चालून जाण्यापेक्षा मी अनेकदा पाव आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन झोपले.