१२ इंची प्लास्टिक गोनिओमीटर: घेताना आधी रिव्हेट बघा

गोनिओमीटर म्हणजे सांधा किती अंश वाकतो ते मोजायचं साधन. पारदर्शक प्लास्टिकचा, ३६० अंशांच्या तबकडीचा १२ इंची गोनिओमीटर गुडघा, खुबा, खांदा अशा मोठ्या सांध्यांना पुरतो. बोटांना तो नको, तिथे छोटा वेगळाच लागतो.

सगळी मदार दोन भुजा जोडणाऱ्या मधल्या रिव्हेटवर. एक भुजा हातात उभी धरायची, दुसरी आडवी करून सोडायची. आपोआप पडली तर रिव्हेट ढिला. पायावरून उचलून डोळ्यांसमोर आणेपर्यंत आकडा बदललेला असतो. फार घट्ट असेल तर त्याहून वाईट, कारण चल भुजा फिरवताना स्थिर भुजाही सोबत ओढली जाते आणि हे लक्षातही येत नाही. बोटाने सरकावी, सोडली की जागेवर थांबावी. मग टेबलाच्या सरळ कडेला लावून १८० आणि गुण्याला लावून ९० येतात का, तेही पाहून घ्यावं. आकडे कोरलेले असतील तर उत्तम, छापलेले रोज स्पिरिटने पुसून पुसट होतात.

तबकडीवर आकड्यांच्या दोन उलटसुलट रांगा असतात, घोळ तिथेच होतो. गुडघा ११० अंश वाकलेला असताना दुसऱ्या रांगेत ७० दिसतो आणि कागदावरही ७० च जातो. सांधा काटकोनाच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे आधी नुसत्या डोळ्यांनी ठरवावं.

गुडघ्याला पेशंट उताणा, रिव्हेट लॅटरल एपिकाँडाइलवर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा), स्थिर भुजा ग्रेटर ट्रोकँटरच्या (खुब्याच्या बाजूचा उंचवटा) रोखाने, चल भुजा लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचं बाहेरचं हाड). सूज असेल तर हाडाची खूण चाचपून पेनाने करून ठेवावी. उंच माणसाच्या मांडीला भुजा अपुरी पडते. तेव्हा रिव्हेट हलवू नये, भुजेची रेघ नजरेने पुढे न्यावी. खांद्याला कमरेवर लक्ष हवं. पाठ कमानीसारखी उचलली गेली की फुकटचे अंश पदरात पडतात! ५ अंशांपर्यंतचा फरक मोजणीतलाच असू शकतो, त्याला सुधारणा म्हणू नये.

स्नायूंच्या ताकदीसाठी हाताने तपासून ० ते ५ श्रेणी देता येते, पण ४ ही श्रेणी फारच ऐसपैस. तिथे हातात धरायचा डायनामोमीटर, म्हणजे जोर मोजणारा मीटर, कामाचा. मात्र त्याचं पॅड पायावर कुठे टेकवलं ती जागा टेपने मोजून लिहिलीच पाहिजे. गुडघ्यापासून ३० सेंटीमीटरवर २०० न्यूटन दाखवणारा स्नायू २५ सेंटीमीटरवर २४० दाखवेल. टॉर्क, म्हणजे जोर गुणिले सांध्यापासूनचं अंतर, दोन्हीकडे ६० न्यूटन-मीटरच. मांडीच्या पुढच्या स्नायूंपुढे तपासणाऱ्याचा हात मागे सरकला, तर मीटरवर तपासणाऱ्याचीच ताकद येते. म्हणून मीटर पट्ट्याने टेबलाच्या पायाला बांधतात. नुसता मीटर, पट्ट्याची सोय नाही, असा संच या स्नायूंसाठी घेऊ नये.